वैमानिकांचा संप आणि प्रशिक्षणाचे कर्ज

आमगाव, जि. गोंदिया (प्रश्न): आमच्या धानाच्या बांधीवरून बिरसी विमानतळावरची प्रशिक्षण विमाने जातात आणि ती पाहतच वाढलेल्या माझ्या पुतणीला वैमानिक व्हायचे आहे, परंतु वैमानिकच पगारासाठी काम थांबवत असतील, तर शेत गहाण ठेवून तिला पाठवावे काय?

लाखनी: भाऊ, एप्रिल २०२४ मध्ये 'विस्तारा' या विमान कंपनीच्या अनेक वैमानिकांनी एकाच वेळी रजा घेतली, कारण एअर इंडियातील विलीनीकरणापूर्वीच्या नव्या करारात हमीचे वेतन महिन्याला ७० ऐवजी ४० उड्डाणतासांवर आले होते. कर्जाचा हप्ता मात्र तासांप्रमाणे घटत नाही, हे आपल्यासारख्या शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको.

तिरोडा: व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्यानंतर 'टाइप रेटिंग'चा, म्हणजे विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याच्या पात्रतेचा, खर्चही पुष्कळदा उमेदवारावरच येतो. शिवाय २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने राजीनाम्याची पूर्वसूचना सहवैमानिकासाठी ६ महिने आणि कमांडरसाठी (मुख्य वैमानिकासाठी) १ वर्ष केली. इतके बांधून घेतल्यावर सामूहिक रजेखेरीज वैमानिकांच्या हाती काय उरते? माझ्या मते त्यांचे चुकलेले नाही.

साकोली: दादा, शेताला हात लावण्याआधी मुलीची वैद्यकीय तपासणी करून घ्या, त्यात अडचण निघाली, तर पुढचा सगळा खर्च टळेल.