उमेदवारी मिळाली, आता जोडीला कोण?

५ जून २००८, ऑस्टिनहून

नमस्कार मंडळी,

एप्रिलमध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली. नोव्हेंबरात आयुष्यातलं इथलं पहिलं मत देणार, त्यामुळे सगळं नीट समजून घ्यायचं आहे. परवा रात्री ओबामांनी डेमोक्रॅटिक उमेदवारीला लागणारा २,११८ डेलिगेटांचा, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींचा, आकडा गाठला. पण कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, ओहायो, पेनसिल्व्हेनिया ही सगळी मोठी राज्यं तर हिलरींनी जिंकली होती. मग त्या मागे कशा पडल्या? आपल्याकडे तिकीट म्हटलं की दिल्लीहून यादी येते, तेवढंच मला माहीत. आणि उपाध्यक्षपदाचा उमेदवार कोण ठरवतं? त्यासाठी कुठे मतदान झाल्याचं काही वाचनात आलं नाही.

६ जून, ह्यूस्टनहून

अरे, तू ऑस्टिनमध्ये राहतोस म्हणजे उत्तर तुझ्या दाराशीच आहे. ४ मार्चला टेक्सासात एकाच दिवशी दोनदा कौल झाला. दिवसभर यंत्रावर मतदान, म्हणजे प्रायमरी, आणि रात्री कॉकस, म्हणजे प्रत्येक मतदानकेंद्रावर पक्षाची सभा. सकाळी ज्यानं डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत दिलं त्यालाच रात्री सभेला बसता येतं.

आमची सभा शाळेच्या कँटीनमध्ये होती. सव्वासातला सुरू व्हायची, पण मतदानाची रांगच संपेना, आणि शेवटचा माणूस मत देऊन बाहेर पडेपर्यंत सभा सुरू करता येत नाही. नऊ वाजले. नाव, पत्ता आणि पसंतीचा उमेदवार लिहायचे छापील तक्ते संपले, तेव्हा एका बाईंनी मुलाच्या दप्तरातली वही काढून पानं फाडून दिली. मुलांच्या बुटक्या बाकांवर आम्ही १८० माणसं. मोजणी झाली: ओबामा ११२, हिलरी ६८. आमच्या केंद्राला पक्षाच्या वरच्या सभेसाठी १२ प्रतिनिधी होते. भागाकार केला तर साडेसातच्या जरा खाली आणि साडेचारच्या जरा वर. झाले ७ आणि ५. हिलरींच्या बाजूला आणखी तिघं-चौघं थांबली नसती तर ८ आणि ४ झाले असते. माझी बायको त्या ६८ मध्ये होती, आणि घरी तान्हा नातू असूनही ती शेवटपर्यंत बसली.

आता राज्याचा हिशेब बघ. प्रायमरी हिलरींनी जिंकली, तिथले डेलिगेट ६५ विरुद्ध ६१. कॉकसमध्ये ओबामा ३८, हिलरी २९. बेरीज ओबामा ९९, हिलरी ९४. वर्तमानपत्रांत मथळा आला 'टेक्सास हिलरींकडे', आणि डेलिगेट जास्त मिळाले ओबामांना. डेमोक्रॅटिक पक्षात राज्य जिंकलं म्हणून सगळे डेलिगेट मिळत नाहीत. १५ टक्क्यांच्या वर मतं मिळाली की ज्याच्या त्याच्या प्रमाणात वाटणी होते. म्हणून मोठं राज्य थोड्या फरकानं जिंकण्यापेक्षा लहान राज्य दणकून जिंकलेलं फायद्याचं. बाकी सुमारे ८०० सुपरडेलिगेट, म्हणजे खासदार, गव्हर्नर, पक्षाचे पदाधिकारी. ते कोणाच्याही बाजूनं जायला मोकळे, आणि शेवटचा पल्ला ओबामांनी त्यांच्याच जोरावर गाठला.

७ जून, मंडळाची समन्वयक

सर्वांना विनंती. मंडळ करमुक्त संस्था आहे, त्यामुळे या ईमेल यादीवर कोणाचाही प्रचार नको. प्रक्रियेबद्दल मात्र मोकळेपणानं लिहा. रिपब्लिकनांचंही कोणी सांगा. त्यांच्याकडे बऱ्याच राज्यांत जिंकणाऱ्याला सगळेच डेलिगेट मिळतात, म्हणून त्यांचे मॅकेन ४ मार्चलाच उमेदवारी पक्की करून मोकळे झाले, एवढं मला ठाऊक आहे.

७ जून, एडिसनहून

ह्यूस्टनच्या काकांचं गणित मला पाठ आहे, कारण ते आम्हाला लागलंय. ५ फेब्रुवारीला न्यू जर्सीत हिलरी जिंकली, ५९ विरुद्ध ४८. निव्वळ फायदा ११. त्याच रात्री आयडाहोच्या कॉकसमध्ये ओबामांना १५ आणि तिला ३. फायदा १२. थंडीत दारोदार फिरून आम्ही जे मिळवलं ते बटाट्याच्या शेतांच्या राज्यानं एका संध्याकाळीत फेडून टाकलं. नियम आधीपासून लिहिलेले होते, तिच्या माणसांनी कॉकसकडे दुर्लक्ष केलं, हे मी मान्य करते. तरी आज तिचं भाषण ऐकताना डोळ्यांना पदर लावला. १ कोटी ८० लाख मतं म्हणजे बायकांची वाट अडवणाऱ्या त्या काचेच्या छताला तितक्याच चिरा, असं म्हणाली ती.

म्हणून सांगते, जोडीला तिलाच घ्यावं. प्रतिस्पर्ध्याला जवळ करण्यात कमीपणा नाही. १९६० साली केनेडींनी जॉन्सनना घेतलं, ज्यांनी अधिवेशनापर्यंत त्यांच्याशी झुंज दिली होती, आणि टेक्सासची २४ इलेक्टोरल मतं, म्हणजे अध्यक्ष निवडताना त्या राज्याच्या वाट्याला असलेली मतं, पदरात पडली. १९८० साली थोरले बुश रेगनच्या आर्थिक धोरणाला जादूटोणा म्हणत होते, तरी रेगननी त्यांनाच घेतलं. १९८४ साली मी नुकती या देशात आले होते. टीव्हीवर डेमोक्रॅटांची उपाध्यक्षपदाची उमेदवार जेराल्डिन फेरारो पाहिली तेव्हा वाटलं होतं, आता फार वाट पाहावी लागणार नाही. चोवीस वर्षं झाली.

१३ जून, शिकागोहून

मावशी, तुमचं दुःख खरं आहे. पण जोडीचा उमेदवार निवडताना राज्याचा किंवा नाराज गटाचा हिशेब पहिला असू नये, असं मला मनापासून वाटतं.

ऑस्टिनच्या मित्राला आधी उत्तर देतो. उपाध्यक्षपदाच्या उमेदवारासाठी कुठेच मतदान होत नाही. एवढ्या कँटीनमध्ये वह्यांची पानं फाडून झाल्यावर हा निर्णय एक माणूस घेतो, आणि अधिवेशन त्यावर होकार देतं. मदतीला छोटी समिती असते. ओबामांच्या समितीच्या प्रमुखांनी परवाच राजीनामा दिला, त्यांच्या स्वतःच्या घरकर्जांवरून टीका झाली म्हणून. आता कॅरोलाइन केनेडी आणि एरिक होल्डर काम पाहताहेत. करविवरणं, आजारपणं, जुनी भाषणं, नवऱ्याचे किंवा बायकोचे व्यवहार, सगळं तपासतात. २००० साली धाकट्या बुशसाठी अशी शोधमोहीम डिक चेनींकडे होती आणि शेवटी उमेदवार तेच झाले.

इतकी कसून तपासणी होण्यामागे १९७२ आहे. डेमोक्रॅटिक पक्षाचे मॅकगव्हर्न उमेदवारीच्या लढाईत इतके गुंतले होते की जोडीदारासाठी त्यांच्याकडे काही तासच उरले. सिनेटर ईगलटन यांना घेतलं. मग कळलं की नैराश्यासाठी ते तीनदा रुग्णालयात होते आणि त्यांना विजेचे झटके देऊन उपचार झाले होते. अठराव्या दिवशी त्यांना बाजूला व्हावं लागलं. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, ही गोष्ट मला आजही खुपते. उपचार घेऊन बरा झालेला माणूस पुढे चौदा वर्षं सिनेटमध्ये उत्तम काम करत राहिला. त्या एका प्रसंगामुळे किती लोकांनी आजार लपवला असेल! माझ्याकडे येणारे आपले मराठी लोकसुद्धा पहिल्या भेटीत विचारतात, 'हे कुठे नोंदलं जाणार नाही ना?'

पण मला सांगायचं आहे ते १९४४ चं. अध्यक्ष रूझवेल्ट आजारी होते आणि जवळच्यांना ते दिसत होतं. शिकागोच्या अधिवेशनात तेव्हाचे उपाध्यक्ष वॉलेस यांना वगळून ट्रुमनना घेतलं. जानेवारीत ट्रुमन उपाध्यक्ष झाले, आणि ८२ दिवसांनी रूझवेल्ट गेल्यावर अध्यक्ष. अणुबाँबची योजना त्यांना तोपर्यंत कोणी सांगितलेली नव्हती. म्हणून यादीतल्या प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारावा: उद्या सकाळी हा माणूस त्या खुर्चीत बसू शकेल का? हिलरी बसू शकतील, यात मला शंका नाही. मात्र तेच कारण असावं. आमच्या मनाचं समाधान हे कारण नसावं.

२३ ऑगस्ट, ह्यूस्टनहून

रात्री दोननंतर फोन वाजला. समर्थकांना आधी एसएमएसनं कळवू असं ओबामांच्या लोकांनी सांगितलं होतं, पण टीव्हीवाल्यांनी त्याआधीच बातमी फोडली होती. बायडन. डॉक्टर, तुमचा प्रश्नच त्यांनी विचारलेला दिसतो. त्यांच्या डेलावेअरची इलेक्टोरल मतं मोजून तीन, म्हणजे राज्यासाठी काही घेतलेलं नाही. पस्तीस वर्षं सिनेट, परराष्ट्र व्यवहार समितीचं अध्यक्षपद. आयोवाच्या कॉकसमध्ये मात्र स्वतः अध्यक्षपदासाठी उतरलेल्या या माणसाला एक टक्कासुद्धा मिळाला नव्हता आणि त्याच रात्री त्यांनी माघार घेतली होती. बायको काही बोलली नाही. पाणी प्यायली आणि झोपली.

३० ऑगस्ट, एडिसनहून

बुधवारी पक्षाच्या अधिवेशनात राज्यवार मतमोजणी चालू होती. न्यू मेक्सिकोनं आपली पाळी इलिनॉयला दिली, इलिनॉयनं न्यूयॉर्कला, आणि न्यूयॉर्कच्या घोळक्यातून हिलरी पुढे आली. उरलेली मोजणी थांबवून ओबामांना एकमुखानं उमेदवार जाहीर करा, असा ठराव तिनंच मांडला. मी उभी राहून टीव्ही पाहत होते. काल मॅकेननी अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांना घेतलं. रिपब्लिकनांची या जागेवरची पहिली स्त्री. गव्हर्नर होऊन तिला दोन वर्षंही झालेली नाहीत, म्हणून डॉक्टरांचा प्रश्न तिलाही लागू, आणि मी तो विचारणार.

ह्यूस्टनच्या काकू, तुम्ही आणि मी एकदा फोनवर बोलू. मला तुमच्याशीच बोलायचंय.

आणि ऑस्टिनच्या बाळा, शपथ घेतली म्हणून नाव आपोआप मतदार यादीत जात नाही. टेक्सासात नोंदणीची शेवटची तारीख ६ ऑक्टोबर आहे. अर्ज भरलास का?