प्रतिसाद : थांबलेलं उड्डाण फसलेलं नसतं

'इंजिन पेटून विझलं, म्हणजे रॉकेट वाया गेलं' हे वरचं मत पटलं नाही. २८ मार्च २००१ला श्रीहरिकोट्याला इस्रोचं जीएसएलव्ही-डी१ हे रॉकेट असंच थांबलं होतं. त्यात बाजूची चार द्रवइंधन इंजिनं उड्डाणाच्या ४.८ सेकंद आधी पेटतात. एकाचा जोर कमी पडला आणि संगणकाने चारही बंद केली. मधली घनइंधन मोटर पेटलीच नाही, हे फार मोलाचं. ती एकदा पेटली की विझवता येत नाही!

मग खरं काम सुरू होतं. विषारी इंधन जपून काढायचं, दोष शोधायचा. इथे ऑक्सिडायझरच्या (इंधन जळायला ऑक्सिजन पुरवणाऱ्या द्रवाच्या) नळीत दोष निघाला. तेच रॉकेट तीन आठवड्यांत, १८ एप्रिलला उडालं. मला त्या टीमचा आजही अभिमान वाटतो.