व्हिसाची फाइल : युरोपात शिकायला जातानाचे अनुभव सांगा

रानजाई

काल रात्री साडेअकराला भाचीचा फोन. "मावशी, फोटो पस्तीस बाय पंचेचाळीसच लागतो ना? चष्मा काढून काढू का?" तिची परवा जर्मन व्हिसाची अपॉइंटमेंट आहे. फोन ठेवला आणि झोप उडाली ती उडालीच. शेवटी उठून कपाटावरची माझी २०१८ ची फाइल खाली काढली.

पहिल्याच पानावर बाबांच्या अक्षरातली यादी. प्रत्येक कागदापुढे दोन खुणा, एक पेन्सिलीची आणि एक पेनाची. पेन्सिलीची आदल्या रात्रीची, पेनाची सकाळी निघतानाची. मी ती यादी विसरूनच गेले होते. खाली बसून सगळी वाचली.

तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटला ८,६४० युरो लागायचे. भाचीला आता ११,९०४ भरावे लागले, महिन्याला ९९२ च्या हिशेबाने. पैसे आपलेच, पण तिकडे पोचेपर्यंत हात लावता येत नाही आणि पोचल्यावरही दरमहा ठरलेले तेवढेच सुटतात. तो आकडा जमवायला बाबांनी ठेव मोडली होती, हे मला तिथे गेल्यावर वर्षभराने कळलं.

अपॉइंटमेंटला त्यांना आत सोडलं नाही. कागदांचा तिसरा सेट पिशवीत घेऊन ते अडीच तास बाहेर उभे होते. "दोन मागितलेत ना, मग एक जास्त असू दे." आत मला विचारलं हाच विषय का, जर्मनीतलं मागदेबुर्ग शहरच का, खर्च कोण करणार. पहिलं उत्तर जर्मनमध्ये दिलं, पुढचं इंग्रजीत. बाहेर आले तर बाबांचा पहिला प्रश्न, "सगळे कागद घेतले ना त्यांनी?"

पाच आठवड्यांनी पासपोर्ट आला. मी पान शोधत होते, तेवढ्यात त्यांनी तो हातातून घेतला, चष्मा लावला, माझ्या नावाचं स्पेलिंग एकेक अक्षर तपासलं, मग तारखा. आणि मग हसले.

तुमचंही सांगा. मिळालेला, नाकारलेला, जुना, नवा, काहीही चालेल.

पाणकोंबडी

स्पेलिंग!! आमच्याकडे त्यावरूनच महाभारत झालं. डिग्रीवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, जन्मदाखल्यात वडिलांच्या नावात एक ए जास्त. इटली, २०१६. आधी दूतावासाकडे प्रीएनरोलमेंट, म्हणजे पूर्वनोंदणी, मग कागदांना अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, मग भाषांतर, मग दूतावासाकडून डिक्लरेशन ऑफ व्हॅल्यू, म्हणजे आपली पदवी तिकडे कशाच्या तोडीची याचा दाखला. या साखळीत एक ए जास्त असला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. तो ए मला अजून स्वप्नात दिसतो.

आणि व्हिसा मिळाला म्हणजे सुटलो असं इटलीत नसतं. पोचल्यापासून कामाच्या आठ दिवसांत पेर्मेस्सो दि सोज्योर्नोचा, म्हणजे निवास परवान्याचा अर्ज करायचा. तो कुठे, तर पोस्टात! तिथून जाड पाकीट घ्यायचं, आतला फॉर्म भरायचा, सोळा युरोचं महसुली तिकीट लावायचं आणि पोस्टातच परत द्यायचं. पोस्टातली बाई पावती देताना म्हणाली, ही पासपोर्टइतकी जपून ठेव. ठेवली. प्रत्यक्ष कार्ड हातात आलं तेव्हा माझं पहिलं वर्ष संपत आलं होतं. सगळं वर्ष त्या पावतीवर काढलं मी.

भाकरीचाचंद्र

नेदरलँड्सवाल्यांनी इथे लिहू नये बहुतेक, शिव्या पडतील. आमच्याकडे अर्ज आपण करतच नाही, विद्यापीठच आपल्या वतीने तिकडच्या इमिग्रेशन खात्याकडे करतं. आपण कागद अपलोड करायचे, पैसे भरायचे, मंजुरी आली की पासपोर्टवर एमव्हीव्हीचा, म्हणजे प्रवेश व्हिसाचा स्टिकर लावून घ्यायचा. नंतर तिकडे गेल्यावर क्षयाची तपासणी, छातीचा एक्स-रे. बास.

पाणकोंबडी

@भाकरीचाचंद्र शिव्या नाही, पण एक उसासा स्वीकारावा 😄

उत्तररात्र

मला नाकारला होता. कोणी लिहिलं नाही अजून म्हणून लिहितो.

२०१९, जर्मनी. पाकीट उघडलं तर पासपोर्ट तसाच कोरा आणि सोबत एक पत्र. आधीची पदवी आणि निवडलेला कोर्स यांचा संबंध पटत नाही, असं कारण. पदवी मेकॅनिकलची, प्रवेश ऊर्जा व्यवस्थापनाला. मला तो संबंध इतका उघड वाटत होता की अर्जात मी त्यावर दोनच ओळी लिहिल्या होत्या.

विमानाचं तिकीट काढलेलं. खोलीचं डिपॉझिट भरलेलं. निरोप समारंभ सुद्धा झालेला. त्यानंतरचे तीन आठवडे मी घराबाहेर पडलो नाही, कारण भेटेल तो विचारायचा, "कधी निघणार?" हा प्रश्न विचारणाऱ्यांची काहीच चूक नव्हती. पण कोणाला तोंड द्यायची ताकद नव्हती.

एका महिन्यात रेमॉन्स्ट्रेशन, म्हणजे फेरविचाराची विनंती करता यायची. फी नव्हती. माझ्या जुन्या सरांनी मला घरी बोलावलं, एक कोरा कागद मधोमध दुमडला. डावीकडे मी शिकलेले विषय, उजवीकडे नव्या कोर्सचे विषय, आणि मध्ये त्यांनी पेनाने रेघा मारल्या. थर्मोडायनॅमिक्स कुठे जातं, फ्लुइड मेकॅनिक्स कुठे जातं. अकरा रेघा झाल्या. "हे तू आधी का नाही लिहिलंस?" एवढंच म्हणाले. तेच मी नीट पत्रात मांडलं. नोव्हेंबरच्या मध्यावर व्हिसा आला. वर्ग ऑक्टोबरात सुरू झालेले, प्राध्यापकांनी समजून घेतलं.

आता नव्याने जाणाऱ्यांसाठी महत्त्वाचं : जर्मनीने ही रेमॉन्स्ट्रेशनची सोय १ जुलै २०२५ पासून जगभर बंद केली आहे. नाकारला तर नवा अर्ज, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. म्हणून त्या रेघा पहिल्याच पत्रात मारा. आपल्याला उघड दिसतं ते समोरच्याला दिसतंच असं नाही.

रानजाई

@उत्तररात्र काय लिहू. सरांचा तो कागद ठेवलाय का तुम्ही?

उत्तररात्र

हो. लॅमिनेट केलाय.

कोरडवाहू

एजंटांवर कोणीतरी लिहा. नाहीतर मीच लिहितो. मी ज्याच्याकडे गेलो त्याने मोटिव्हेशन लेटर (हाच कोर्स का, हे सांगणारं पत्र) "तयार करून" दिलं. वाचलं तर त्यात माझं लहानपणापासूनचं रोबोटिक्सचं वेड. मला रोबोटिक्सचं वेड नव्हतं. मला पाण्याच्या शुद्धीकरणावर काम करायचं होतं, तेही कारण होतं म्हणून. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाच्या पत्रातही तेच वेड, तोच परिच्छेद. उठलो आणि निघून आलो, आगाऊ भरलेले पैसे गेले. चार रात्री बसून स्वतः लिहिलं. मुलाखतीत त्यातल्याच एका वाक्यावर प्रश्न आला आणि मी दहा मिनिटं बोललो, कारण ते माझंच होतं. इंग्रजी मोडकं असेल तरी चालेल हो, पत्र स्वतःचं लिहा.

सायली_घरची

मी आई या नात्याने लिहिते, चालेल ना? मुलगी आयर्लंडला गेली गेल्या वर्षी. तिकडे जुलै २०२३ पासून वर्षाच्या खर्चाचे १०,००० युरो दाखवावे लागतात, पूर्वी ७,००० होते. फीचे वेगळे. तिने ऑनलाइन अर्ज भरला, पुढचं सगळं आमच्या डोक्याला. पैसे कुठून आले, हे खाते कोणाचे, ही मोठी रक्कम मार्चमध्ये कशी जमा झाली. ह्यांनी प्रत्येक मोठ्या नोंदीसमोर एक चिठ्ठी लावली. मी म्हटलं अहो किती चिठ्ठ्या. पण व्हिसा आला बाई.

आता ती म्हणते मैत्रिणीबरोबर पॅरिसला जायचंय. मला वाटलं युरोपातच तर आहे! तर नाही, आयर्लंड शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांत) नाही, वेगळा व्हिसा. पुन्हा फाइल. कुकर लावलाय, नंतर येते.

भाकरीचाचंद्र

@सायली_घरची तिथला स्टँप २, म्हणजे विद्यार्थ्याचा राहण्याचा परवाना असला तरी शेंगेन वेगळाच काढावा लागतो, बरोबर. सुट्टीच्या हंगामात अपॉइंटमेंट मिळत नाही, आत्ताच बघायला सांगा तिला.

निळावंती७

फ्रान्स. कॅम्पस फ्रान्सची (परदेशी विद्यार्थ्यांसाठीची तिथली सरकारी संस्था) मुलाखत आधी, व्हिसा नंतर. मी नऊ महिने फ्रेंच शिकून, पाठ करून गेले होते. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "हा कोर्स मिळाला नाही तर काय करशील?" हे पाठ केलेलं नव्हतं. म्हटलं, पुढच्या वर्षी परत अर्ज करीन. त्या हसल्या आणि लिहिलं काहीतरी. काय लिहिलं ते आजवर माहीत नाही 🙂

फ्रान्सला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. लांब मुदतीचा विद्यार्थी व्हिसा तिथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन व्हॅलिडेट करावा लागतो. माझी रूममेट अभ्यासात विसरली, शेवटच्या आठवड्यात दोघी रात्री एक वाजेपर्यंत लॅपटॉपसमोर.

अर्धाकप

नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच लिहितेय. माझी जर्मनीची अपॉइंटमेंट सोमवारी. एपीएस (शैक्षणिक कागद तपासल्याचं प्रमाणपत्र) आलं, ब्लॉक्ड अकाउंट झालं, इन्शुरन्स झाला. आज बघितलं तर प्रवेशपत्रावर माझं मधलं नावच नाही 😭 पासपोर्टवर आहे. आता??? आणि फॉर्मवर सही निळ्या पेनाने की काळ्या? पोटात गोळा आलाय.

उत्तररात्र

@अर्धाकप आधी पाणी प्या. आत्ता लगेच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला मेल करा, पासपोर्टचं पान जोडा. असली दुरुस्ती त्यांना रोजची. उत्तर आलं नाही तर केलेला मेल छापून न्या आणि सोबत अर्ध्या पानाचा खुलासा.

कोरडवाहू

सही पासपोर्टवर आहे तशीच करा, ते पेनापेक्षा महत्त्वाचं. मी निळ्याने केली होती.

रानजाई

अर्धाकप, इन्शुरन्सच्या तारखा बघून घे गं. विमानाच्या दिवसापासून तिकडचा आरोग्य विमा सुरू होईपर्यंत मध्ये एकही दिवस मोकळा नको. भाचीच्या बाबतीत दोन दिवसांची फट निघाली होती. आमच्या वेळी एपीएस नव्हतं, ते नोव्हेंबर २०२२ पासून आलं, तेव्हा त्यातलं मला विचारू नकोस.

गोधडी

२०२० ची बॅच कोणी आहे का? मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा माझी अपॉइंटमेंट नऊ दिवसांवर होती. पहिलं सेमेस्टर घरातूनच. तिकडचं दुपारी चारचं लेक्चर आपल्याकडे रात्री साडेआठला, घरात सगळ्यांचं जेवण आणि टीव्ही, मी आजीच्या खोलीत दार लावून. आजी शेजारी बसून ऐकायची. "हा मास्तर चांगला बोलतो" म्हणायची, शब्द कळत नव्हता तरी. पुढच्या वर्षी व्हिसा आला, मी गेले. त्या प्राध्यापकांना प्रत्यक्ष भेटले तेव्हा आजीचं सांगितलं. त्यांनी तिच्यासाठी एक चिठ्ठी लिहून दिली. फोनवर वाचून दाखवली तिला.

पाणकोंबडी

🥹

मोरपंखी_म

स्वीडन. आमच्याकडे व्हिसा नाही, थेट निवास परवाना. फीचा पहिला हप्ता भरल्याशिवाय अर्जच पुढे जात नाही, म्हणजे पैसे आधी आणि धाकधूक नंतर. निकालाचा मेल स्वीडिशमध्ये आला, मी लोकलमध्ये उभी, हातात फोन, भाषांतर होईना. शेजारच्या अनोळखी मुलीने स्वतःच्या फोनवर करून दिलं. "मंजूर लिहिलंय!" ती माझ्या आधी ओरडली.

आडवाटेचा

इरास्मस मुंडसवाल्यांनी (युरोपियन युनियनच्या शिष्यवृत्तीवर अनेक देशांत मिळून होणारं मास्टर्स) हात वर करा. दोन वर्षांत तीन देश, तीन वेळा नवा परवाना, नवी बँक, नवा पत्ता. शिष्यवृत्ती तेव्हा महिन्याला १,००० युरो, त्यामुळे पैसे दाखवायची चिंता नव्हती, पण दर सेमेस्टरला वेगळ्या देशाच्या भाषेत फॉर्म. तिसऱ्या देशापर्यंत "जन्मस्थान" हा शब्द पाच भाषांत ओळखू यायला लागला.

@रानजाई मागदेबुर्ग म्हणालात का? मी २०१९ ला तिथेच होतो! एल्बेच्या काठावर जूनमध्ये रात्री साडेनऊला उजेड, आठवतं?

रानजाई

@आडवाटेचा अरे! मी तेव्हा तिथेच! विद्यापीठाच्या मागच्या वसतिगृहात. पहिल्या रविवारी सगळी दुकानं बंद आणि घरात काहीच नाही, वरच्या मजल्यावरच्या इराणी मुलीने जेवू घातलं. तुम्ही कोणत्या इमारतीत?

आडवाटेचा

कालव्याकडची. मेसेज करतो, फोटो आहेत माझ्याकडे बरेच.

सायली_घरची

आले परत. मुलीने फ्रान्सच्या व्हिसाची तारीख घेतली, धन्यवाद @भाकरीचाचंद्र. मागदेबुर्ग कुठे आलं हो नकाशात?

अर्धाकप

झालं जमा!! विद्यापीठाने शुक्रवारी दुपारीच दुरुस्त पत्र पाठवलं. आत विचारलं हाच कोर्स का. काल रात्री उत्तररात्र दादांसारखा कागद दुमडून रेघा मारल्या होत्या, माझ्या सात झाल्या. तेच सांगितलं. सही निळ्या पेनाने. बाहेर आले तर आई उभी, हातात जास्तीचा सेट. मी तिला हा धागा दाखवलाच नव्हता.