पहिलारू गाय धारेला हात लावू देत नाही, सुरुवात कुठून करावी?

नवा गोठा
मंडळी, घरच्या दुधापुरती एक गाय आणली आहे. पहिलारू आहे, म्हणजे पहिल्यांदाच व्यायली आहे, त्याला आठवडा होत आला, वासरू सोबतच आहे. मोकळ्यावर वाढल्यामुळे तिला माणसाच्या हाताची फारशी सवय नाही. मानेला, पाठीला हात लावू देते, पण कासेकडे हात गेला की मागचा पाय उचलते. पुढच्या दोन सडांतून थोडंफार दूध मिळतं, मागच्या सडांना तर शिवूही देत नाही. वासराला मात्र पाजते. पाय बांधून धार काढा, असं काही जण सांगतात. तिला घाबरवायचं नाही, पण कास तटलेली दिसली की जीव कासावीस होतो. आधी काय करू?

जुनी दावण
बांधायचं की नाही हे नंतर. आधी उजेडात कास नीट बघा. बोटाने दाबल्यावर खळगा पडून तसाच राहत असेल, तर ती पाण्याची सूज. पहिलारू गायींना व्यायच्या सुमारास ती सर्रास येते आणि हळूहळू ओसरते, पण तोवर कास ठणकते. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेका, हलक्या हाताने चोळा, आणि दिवसातून जास्त वेळा थोडी थोडी धार काढा. सडाला चीर पडली आहे का, वासराचे दात लागलेत का, तेही पाहा. प्रत्येक सडाची पहिली धार गडद रंगाच्या वाटीत घ्या. गुठळ्या किंवा पाणचट दूध दिसलं, किंवा एखादा भाग गरम आणि टणक लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. दुखणाऱ्या कासेला शिस्त लावता येत नाही.

पशुवैद्यक
वरच्या सल्ल्याशी पूर्ण सहमत. थोडं पान्ह्याबद्दल सांगतो. कास आणि सड चोळले की मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं, साधारण मिनिटभरात पान्हा सुटतो आणि काही मिनिटंच टिकतो. गाय घाबरली की अॅड्रेनलिन वाढतं आणि पान्हा अडतो. म्हणून आरडाओरडा झाला, काठी उगारली, की कास भरलेली असूनही ती पान्हा चोरते. पान्हा सोडवायला मनाने इंजेक्शन देऊ नका. सवय लावायचा तो रस्ता नाही.

पहाटेची धार
ताई किंवा दादा, जे असाल ते, आता हाताच्या सवयीचं सांगते. सुरुवातीला बादली घेऊनच जाऊ नका. ती खुराक खात असताना शेजारी उभं राहून खांद्यापासून पोटाकडे आणि पोटावरून कासेकडे हात न्या. तिने पाय उचलला तरी हात झटकन मागे घेऊ नका, तसाच अलगद टेकलेला राहू द्या. पाय खाली आला, ती शांत झाली, की त्याच क्षणी हात काढा आणि गोड बोला. सगळं या एका वेळेवर आहे. लाथेवर हात निघाला तर लाथेने हात जातो हे ती शिकते, आणि मग ते मोडायला फार वेळ लागतो. जोरात झाडत असेल तर हातमोज्यात चिंध्या भरून काठीला बांधा आणि आधी त्याने स्पर्श द्या. तुमचा हात वाचतो.

कासेला हात सोसू लागली की रोज त्याच बाजूला बसा. कपाळ तिच्या कुशीला टेकवा, म्हणजे पाय उचलायच्या आधीच अंगाची हालचाल कळते. मागच्या पायाजवळचा हात त्या पायाच्या पुढे आडवा ठेवा. पहिले काही दिवस दुसऱ्या हातात छोटं भांडं धरून एकाच हाताने काढा आणि लांबच्या बादलीत ओतत राहा, म्हणजे लाथेने सगळं दूध सांडत नाही.

नखं कापलेली हवीत, हात कोरडे हवेत. अंगठा आणि तर्जनीने सड वरून बंद करा, मग बाकीची बोटं एकेक करून मिटा. सड खाली ओढायचा नाही आणि अंगठा दुमडून तर मुळीच काढायचं नाही. त्याने सड दुखावतो.

दोरीवाला
माझं मत थोडं वेगळं. तुम्ही नवखे आहात, गाय लाथ मारतेय. इजा झाली तर धार काढणारच कोण? मागचे दोन्ही पाय ढोपराच्या वर आठच्या आकड्यात मऊ दोरीने सैल बांधा. गाठ एका ओढीत सुटणारी हवी आणि खाली जमीन निसरडी नको. रोज थोडी थोडी सैल करत न्या.

जुनी दावण
चालेल, पण कास दुखत नाही याची खात्री झाल्यावरच. आणि एक, वासराचा उपयोग करा. आधी त्याला क्षणभर प्यायला लावून पान्हा सुटू द्या, मग तिला चाटता येईल असं तोंडापुढे बांधा. सोबत कास धुणं, पुसणं, खुराक हा क्रम रोज त्याच वेळी आणि तसाच ठेवा. पुढे त्या क्रमावरच पान्हा सुटू लागतो. वासराचा वाटा मात्र मारू नका, त्याला दिवसाला वजनाच्या साधारण १० टक्के दूध लागतं.

नवा गोठा
सगळ्यांचे आभार. बघितलं. सूज आहेच, आणि मागच्या डाव्या सडाला बारीक चीरही आहे. डॉक्टर उद्या येणार आहेत. त्या सडाची धार तोवर बंद ठेवू का?

पशुवैद्यक
बंद ठेवू नका, दूध साचलं तर कासदाहाचा, म्हणजे कासेत संसर्ग होऊन ती सुजण्याचा, धोका वाढतो. तो सड सगळ्यात शेवटी, हळू हाताने मोकळा करा. वासराला त्यावर झोंबू देऊ नका. धारेनंतर समोर वैरण टाका, म्हणजे ती लगेच बसणार नाही. सडाचं तोंड मिटायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि चिरलेल्या सडाला तेवढ्या वेळात शेणमाती लागायला नको. मलम उद्या डॉक्टर सांगतील तेच लावा.