मदत हवी आहे : केटामाइनचं गणित सुटत नाहीये

नमस्कार मंडळी. ॲनेस्थेशियाच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रोपोफोल हे भुलीचं औषध कळतं: गाबा-ए रिसेप्टरवर गाबाचा, म्हणजे मेंदू शांत करणाऱ्या रसायनाचा, जोर वाढतो, क्लोराइड पेशीत शिरतं, न्यूरॉन थंडावतो. श्वासावाटे द्यायच्या सेव्होफ्लुरेनचंही बरंचसं तसंच. पण केटामाइन? तेही भुलीचंच औषध, पण ते ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाचा एनएमडीए रिसेप्टर अडवतं, म्हणजे उत्तेजना घटायला हवी. कमी डोसमध्ये तर कॉर्टेक्समधला (मेंदूच्या बाहेरच्या थरातला) ग्लुटामेट उलट वाढतो! पूर्ण डोस दिला तरी बीआयएसचा (भुलीची खोली दाखवणाऱ्या मॉनिटरचा) आकडा जाग असल्यासारखा चढलेलाच, आणि पेशंट मात्र बेशुद्ध. इतर न्यूरॉनना आवरणारे गाबावाले इंटरन्यूरॉन आधी दबतात, हे वाचलंय. मग मेंदू एवढा गजबजलेला असताना शुद्ध नेमकी कशाने जाते? कॉर्टेक्सच्या भागांमधला संवाद तुटल्याने? कुणी सीनियर जरा उलगडून सांगेल का? नुसतं 'डिसोसिएटिव्ह (भान तोडणारं) आहे' म्हणून सोडू नका, तेवढं आमचे सरही सांगतात.