रायझन ५ ५६०० की आय५ १२४००एफ? माझं मत ५६०० ला

चिंचवडकर:
भाचीला पीसी जोडून द्यायचाय. ती सोलापूरला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दिवसा कोडिंग, प्रोजेक्टचे रिपोर्ट, ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब. रात्री मैत्रिणींबरोबर व्हॅलोरंट नाहीतर काउंटर-स्ट्राइक २. माझं आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड तिला देतोय, शिवाय ३२०० ची ८-८ जीबीची डीडीआर४ जोडी माझ्याकडे पडून आहे. २०२५ संपता संपता रॅमचे भाव असे भडकले की नवीन डीडीआर५ घ्यायचा विचार मी सोडूनच दिला. तेव्हा डीडीआर४ वर चालणारा, खिशाला झेपणारा सहा कोअरचा प्रोसेसर हवा. माझ्या यादीत हे दोनच उरलेत, एएमडीचा रायझन ५ ५६०० आणि इंटेलचा आय५ १२४००एफ.

कागदावर दोघं जुळी भावंडं. १२४००एफ जानेवारी २०२२ चा, ५६०० त्याच वर्षीच्या एप्रिलचा. दोन्हींत ६ कोअर, १२ थ्रेड. दोन्हींचा वरचा वेग ४.४ गिगाहर्ट्झ. कूलर दोघांच्याही डब्यात येतो. तरी मी ५६०० म्हणतो, आणि त्याचं मुख्य कारण कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली छोटी, जलद मेमरी. तिच्यातला सगळ्यात मोठा थर एल३. ५६०० मध्ये ३२ एमबी एल३, १२४००एफ मध्ये १८. गेममध्ये प्रोसेसरला तीच तीच माहिती सेकंदाला शेकडो वेळा लागते: कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली. ती कॅशमध्ये सापडली तर ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्यातून मोहरी उचलल्यासारखं. नाही सापडली तर रॅमपर्यंत जावं लागतं, म्हणजे तेल तापलेलं असताना मोहरीसाठी माळ्यावर चढायचं. डबा मोठा असला की फेऱ्या कमी होतात.

दुसरी गोष्ट वीज. ५६०० फार तर ७६ वॅट ओढतो, १२४००एफ ला इंटेलनेच ११७ वॅटपर्यंत मुभा दिली आहे. तिसरं म्हणजे एएम४ सॉकेटवर (बोर्डावर ५६०० बसतो ती जागा) पुढे ५७००एक्स३डी बसतो, ९६ एमबी कॅशवाला. बोर्ड तोच, रॅम तीच.

वेगळं मत असेल तर खुशाल खोडून काढा. पैसे जायच्या आधी चूक कळलेली बरी.

लॅमिंग्टनवारी:
कॅशचं खरं, पण अर्धंच सांगितलंत. एल३ च्या आधी एल२ असते, लहान पण अजून जलद. ५६०० मध्ये कोअरमागे ५१२ केबी, १२४००एफ मध्ये १.२५ एमबी. तुमचा डबा मोठा, पण इकडे चिमटीतच अडीचपट मोहरी मावते. शिवाय वेगाचा आकडा सारखा म्हणून काम सारखं होत नाही. १२४००एफ चा कोअर एका ठोक्यात जास्त काम उरकतो. सिनेबेंच आर२३ या वेग मोजणाऱ्या चाचणीत एका कोअरवर तो साधारण १७०० ला पोचतो, ५६०० पंधराशेच्या आसपास घुटमळतो. गेममध्ये मोठी एल३ ती तूट भरून काढते म्हणून दोघं बरोबरीला येतात. पण जड वेबपेज, एक्सेलची लांबलचक शीट, प्रोग्रॅम उघडणं, म्हणजे भाचीचा दिवसाचा सगळा वेळ, तिथे १२४००एफ पुढेच राहतो.

बोर्डाचा हिशोबही धरा. कार्ड प्रोसेसरशी पीसीआयईच्या लेनमधून बोलतं, आणि आरएक्स ६६०० ला त्या लेन आठच. ए५२० किंवा बी४५० बोर्डावर त्याला पीसीआयई ३.० मिळणार, म्हणजे ४.० च्या निम्मा वेग; ४.० हवं तर बी५५० घ्या. इंटेलकडे सगळ्यात स्वस्त एच६१० वरही कार्डाच्या स्लॉटला ४.० मिळतं, कारण ते थेट प्रोसेसरमधून येतं.

आणि पिना. मी ओळखीच्यांची मशीनं जोडून देतो, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला महिन्या-दोन महिन्यांनी फेरी असते. मागच्या दिवाळीत मेव्हण्याचं एएम४ मशीन साफ करायला घेतलं. स्क्रू काढले, कूलर उचलला, तर प्रोसेसर त्याच्याच बुडाला चिकटून वर! सॉकेटची दांडी खाली होती, कुलूप लागलेलं होतं, तरी उपटून आला. पेस्ट वाळून सिमेंट झालेली. कोपऱ्यातल्या सहा-सात पिना आडव्या. मग टेबललॅम्पखाली बसलो, ०.५ च्या पेन्सिलीतलं शिसं काढलं, रिकामी नळी एकेका पिनेवर घालून केसभर, केसभर सरळ करत गेलो. दीड तास लागला. मशीन सुरू झालं, पण त्या दीड तासात घशाला कोरड पडली होती. एएम४ च्या प्रोसेसरला पोटाशी १३३१ पिना असतात. इंटेलचा सपाट असतो आणि पत्र्याच्या चौकटीने दाबून धरलेला असतो, कूलरबरोबर निघून येत नाही. उद्या ती मुलगी एकटी मशीन उघडेल, तेव्हाचा विचार करा.

चिंचवडकर:
पिनांचं एकदम मान्य. कूलर काढण्याआधी पंधरा मिनिटं गेम चालवून प्रोसेसर तापवायचा, मग मशीन बंद करून कूलर वर न ओढता डावी-उजवीकडे पिळत सैल करायचा, हे तिला समोर बसवून शिकवणार आहे.

पण एच६१० ची शिफारस मला पटत नाही. एक तर त्यावर रॅमच्या खाचा दोन. माझी ८-८ ची जोडी बसली की भरल्या. उद्या तिला व्हर्च्युअल मशीन चालवायला ३२ जीबी लागली तर असलेल्या पट्ट्या काढून ठेवा आणि आजच्या भावाने नवीन जोडी आणा. दुसरं, स्वस्त एच६१० बोर्डांवर वीज पुरवणारे भाग इतके तुटपुंजे असतात की काही बोर्ड थोडा वेळ वेग देऊन मग प्रोसेसरला ६५ वॅटवर बांधून टाकतात. मग तो ११७ वॅटचा आकडा खोक्यावरच राहतो. इंटेलसाठीचा चांगला बी६६० बोर्ड घ्यायचा म्हटलं की बी५५० च्या तुलनेत बचत उरत नाही.

आणि ५६०० ला हात लावता येतो. बी५५० वर कर्व्ह ऑप्टिमायझर या सेटिंगने व्होल्टेज उतरवा, वेग तोच राहतो आणि तापमान उतरतं. चांगली रॅम असेल तर ३६०० वर चालवा, आतला फॅब्रिक (चिपचे भाग जोडणारा रस्ता) १८०० वर जोडीने धावतो. १२४००एफ चा गुणक (ज्याने वेग वाढवतात तो आकडा) कुलूपबंद आहे.

वऱ्हाडकर:
भाऊ, माझ्याकडे ५६०० च आहे, अकोल्यात, तरी तुमचा वॅटचा मुद्दा खोडतो. ७६ आणि ११७ हे आकडे सगळे कोअर एकदम पेटवणाऱ्या कामाचे, रेंडरिंगसारख्या. व्हॅलोरंट खेळताना दोघंही पन्नास-साठीच्या घरातच राहतात. उलट नुसता ब्राउझर उघडा असताना ५६०० जास्त ओढतो. त्याच्या पोटात इनपुट-आउटपुटची १२ नॅनोमीटरची वेगळी चिप आहे, ती कधी नीट झोपत नाही. इंटेलचा एकसंध तुकडा रिकामा असताना शांत पडतो. मुलगी दिवसाचे आठ तास कोड लिहिणार असेल तर बिलात हेच येईल.

उन्हाचं वेगळंच. मे महिन्यात डेझर्ट कूलर लावूनही माझी खोली ३६-३७ ला असते. डब्यातल्या कूलरवर ५६०० पंचाऐंशी गाठतो, आणि त्याची हद्द नव्वदची. १२४००एफ ची हद्द शंभर. कर्व्ह ऑप्टिमायझर उणे २० केलं तेव्हा सात-आठ अंश उतरले, त्यामुळे तुमची ती गोष्ट मात्र शंभर टक्के खरी. सोलापूरही तापणारं गाव. ५६०० घेतलात तर वेगळा टॉवर कूलर बजेटमध्ये आत्ताच धरा.

फ्रेमवाला:
मॉनिटर किती हर्ट्झचा? ते कोणी विचारलंच नाही. १०८० वर जड गेममध्ये आरएक्स ६६०० च आधी दमतो, दोन्ही प्रोसेसर त्याची वाट बघत बसतात. व्हॅलोरंटमध्ये दोघंही १४४ च्या कितीतरी वर जातात. ६० हर्ट्झचा स्क्रीन असेल तर या वादातला एकही फ्रेम तिला दिसणार नाही. आधी मॉनिटर आणि बरा एसएमपीएस (वीज देणारा डबा), उरलेल्यात प्रोसेसर.

चिंचवडकर:
१४४ चा घेतलाय. बाकी बरोबर. पण काउंटर-स्ट्राइक २ मध्ये धूर आणि पाच जण एकत्र आले की सरासरी फ्रेम सांगून भागत नाही, तळाचे फ्रेम किती कोसळतात ते खेळणाऱ्याला जाणवतं, आणि तिथे प्रोसेसरच लागतो. म्हणून मी कॅशला धरून बसलोय.

अक्षरजुळणी:
कोल्हापूरहून लिहितेय. घरून डीटीपीचं काम करते, मुलगा त्याच मशीनवर खेळतो. तुमचं सगळं वाचलं, पण १२४००एफ मधल्या ‘एफ’ वर कोणीच बोललं नाही. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. आणि ५६०० मध्येही नाही! दोन्हींत कार्ड गेलं की स्क्रीन काळा.

माझं तसंच झालं. गेल्या जूनमध्ये लग्नपत्रिकांचं काम हातात असताना कार्डाचे पंखे फिरत राहिले आणि चित्र गेलं. वॉरंटीत होतं, दुकानदाराने घेतलं, आज-उद्या करत सहा आठवड्यांनी परत दिलं. प्रोसेसर ठीक, रॅम ठीक, एसएसडीत माझ्या सगळ्या फायली ठीक, आणि मी त्या बघू शकत नव्हते. शेवटी एसएसडी काढून पिशवीत घालून नणंदेकडे जाऊन कामं संपवली. आतलं साधं ग्राफिक्स असतं तर खेळ बंद राहिला असता, काम नाही.

साधा १२४००, एफशिवायचा, त्यात यूएचडी ७३० ग्राफिक्स असतं. बाजारात आला तेव्हा एफ १६७ डॉलरला आणि साधा १९२ ला होता, फरक २५ डॉलरचा. तुम्ही तर वापरलेलं कार्ड देताय, त्याची वॉरंटी तरी उरलीय का? सबमिशनच्या आठवड्यात ते गेलं तर तुम्ही चिंचवडला आणि ती सोलापूरला.

चिंचवडकर:
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कार्डाची वॉरंटी मागच्याच वर्षी संपली.

वाचल्यावर आधी ५६००जी कडे वळलो, एएम४ सोडवत नव्हता म्हणून. त्यात व्हेगा ग्राफिक्स आहे, पण एल३ निम्मी, १६ एमबी, आणि कार्डाला पीसीआयई ३.० च मिळतं, बोर्ड बी५५० असला तरी. म्हणजे ज्या कॅशसाठी मी इतका भांडलो तीच अर्धी जाते. (५५०० चंही कॅश आणि पीसीआयईच्या बाबतीत तसंच, नाव ५६०० च्या जवळचं असलं तरी आतून तो वेगळा. कोणी स्वस्तात देत असेल तर हे माहीत असू द्या.)

माझ्या मशीनसाठी मी आजही ५६०० च घेईन. माझ्याकडे सुटं कार्ड असतं, पिना सरळ करायला वेळ असतो. भाचीसाठी मात्र साधा १२४०० घेतोय. एच६१० नाही, चार खाचांचा बी६६० किंवा बी७६०.

वऱ्हाडकर:
घाई करू नका. एवढ्यासाठी अख्खी बाजू बदलायची गरज नाही. जुनं जीटी ७१० सेकंडहँड घ्या, ड्रॉवरमध्ये टाकून ठेवा. कार्ड गेलं की तेवढ्यापुरतं लावायचं. ५६०० ची कॅश हातची का सोडता? आणि पुढे एलजीए१७०० वर (१२४०० च्या सॉकेटवर) तिला काय मिळणार? तेरावी-चौदावी पिढी. २०२४ मध्ये त्यातल्या प्रोसेसरांचं व्होल्टेजपायी बिघडणं खुद्द इंटेलने मान्य केलं, मायक्रोकोडचे अपडेट काढले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

लॅमिंग्टनवारी:
बाराव्या पिढीला तो रोग नाही, आणि तिला इतक्यात अपग्रेड लागणारही नाही. तुमच्या बाजूचे ५८००एक्स३डी आणि ५७००एक्स३डी नवीन मिळेनासे झालेत. सेकंडहँड मागतात ते भाव ऐका एकदा. जो प्रोसेसर मिळत नाही त्याच्या भरवशावर आज बोर्ड घेऊ नये.

अक्षरजुळणी:
ड्रॉवरमधल्या कार्डाचं म्हणाल तर, सबमिशनच्या रात्री कॅबिनेट उघडून कार्ड बदलण्यापेक्षा एचडीएमआयची वायर कार्डातून काढून बोर्डात लावणं सोपं. बोर्डाच्या सेटिंगमध्ये आतलं ग्राफिक्स आधीच चालू करून ठेवलं की तेवढंच करायचं असतं.

चिंचवडकर:
वायरीचा फोटो काढून तिला पाठवून ठेवतो, कोणतं भोक कोणतं ते. बोर्ड शनिवारी आणणार. एकाच नावाचे बी६६० डीडीआर४ चेही येतात आणि डीडीआर५ चेही, खाचेची खूण वेगळी असते, पट्टी उलटसुलट करूनही बसत नाही. म्हणून रॅमची एक पट्टी खिशात घालून नेतोय, दुकानातच खोका उघडून लावून बघणार.