घोट्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया : आपापले अनुभव लिहावेत

गडवाट
शेजारच्या काकू परवा कुबड्या मागायला आल्या, कारण त्यांच्या मुलीच्या घोट्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरली आहे. माळ्यावरून कुबड्या काढल्या, तेव्हा काखेकडच्या रबरावर मी गुंडाळलेला जुना पंचा तसाच निघाला आणि सहा वर्षांपूर्वीचा तो पावसाळा आठवला.

राजगड उतरताना माझा उजवा पाय मुरगळला होता. शेक, लेप आणि क्रेप बँडेज यांत आठ महिने गेले. सूज उतरत असे, पण आत खोलवर ठणका राही आणि चालताना सांधा मध्येच अडकल्यासारखा होई. एमआरआयमध्ये नडगीच्या खाली असलेल्या टॅलस या हाडावरची कूर्चा, म्हणजे हाडावरचे गुळगुळीत आवरण, एका कडेला उखडलेली दिसली.

कंबरेतून भूल दिली, मांडीला पट्टा आवळून रक्तपुरवठा थांबवला आणि घोट्याच्या पुढच्या बाजूला दोन छोटी छिद्रे पाडून एकातून दुर्बीण, तर दुसऱ्यातून अवजारे घातली. सांधा सलाईनने फुगवलेला असतो. मी जागा असल्यामुळे समोरच्या पडद्यावर सगळे पाहत होतो : कूर्चा ओल्या खोबऱ्यासारखी पांढरी होती आणि तिचा नखाएवढा सुटलेला पापुद्रा त्या पाण्यात हलत होता. तो काढून डॉक्टरांनी खालच्या हाडाला बारीक छिद्रे पाडली, म्हणजे मज्जेतले रक्त झिरपून तिथे नवी भरण तयार होते, जरी ती मूळ कूर्चेइतकी चिवट नसली तरी.

संध्याकाळी मी घरी होतो. दोनच टाके आहेत म्हणून मी आठवड्याची रजा टाकली होती. प्रत्यक्षात सहा आठवडे तो पाय जमिनीला टेकवायचाही नव्हता.

कैरीचे पन्हे
माझे नेमके उलट झाले. मी भरतनाट्यम करते आणि अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धवट बसताना, घोट्यापुढे टोचत असे, कारण तिथे हाडाची वाढ झाली होती. ती फक्त तासून काढल्यामुळे दुसऱ्याच दिवशी कुबडीच्या आधाराने पाय टेकवायला सांगितले, बाराव्या दिवशी टाके निघाले आणि साडेतीन महिन्यांनी मी वर्गात उभी राहिले. तेव्हा गडवाट, त्या मुलीच्या घोट्यात आत काय करणार आहेत, हे तिने आधीच विचारून घेतलेले बरे, कारण बाहेरून दोघींच्या पायावरच्या खुणा सारख्याच दिसतील.

तिसरा मजला
लिफ्ट नाही, यावरून काय ते समजावे. चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी, हे फिजिओथेरपिस्टने शिकवले होते, पण घाबरून मी पहिले पंधरा दिवस पायऱ्यांवर बसून सरकतच ये-जा केली. खालच्या मजल्यावरची लहान मुले माझ्यामागे त्याच पद्धतीने उतरत असत.

जुनी परिचारिका
मी बरीच वर्षे अस्थिरोग विभागात काम केले आहे, म्हणून दोन गोष्टी लिहिते. पहिल्या रात्री पट्टी गुलाबी पाण्याने भिजते आणि घरचे लोक घाबरून फोन करतात. सांध्यात भरलेले सलाईन थोड्या रक्तासह पाझरते, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो. मात्र लालभडक रक्त थांबत नसेल, ताप येऊन जखमेतून पू येत असेल किंवा पोटरी दुखून कडक झाली असेल, तर रात्र काढत बसू नये. पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होणे क्वचित घडते, परंतु अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर थेट रुग्णालय गाठावे.

सूज उतरायची असेल तर पाय छातीपेक्षा उंच हवा. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर ठेवलेला पाय उंच नसतो, हे मी किती जणांना सांगितले असेल!

जाता जाता एक सांगते. 1931 मध्ये बर्मन या अमेरिकन डॉक्टरांनी हा सांधा इतका अरुंद आहे की दुर्बिणीला योग्य नाही, असे मत दिले होते. पुढे बारीक दुर्बिणी आल्या आणि 1972 मध्ये जपानच्या वातानाबे यांनी अशा 28 तपासण्यांचा अहवाल दिला.

चिंचोका
परिचारिकाताई, माझ्या पावलाच्या वरच्या भागाला चौदा महिने झाले तरी बधिरपणा आहे. चप्पल निसटली तरी कळत नाही. एकदा मी मंडईतून एका चपलेनिशी घरी आलो.

जुनी परिचारिका
बाहेरच्या छिद्राजवळून त्वचेखाली एक बारीक नस जाते, ती दुखावली की असे होते. बऱ्याच जणांचा बधिरपणा काही महिन्यांत कमी होतो, पण आपले चौदा महिने झाले आहेत, तेव्हा डॉक्टरांना पुन्हा दाखवावे.

तिसरा मजला
दुसरी चप्पल सापडली का?

चिंचोका
नाही. कोथिंबीर मात्र शाबूत पोहोचली.

साखरझोप
आमच्याकडे शौचालय भारतीय पद्धतीचे आहे आणि याविषयी रुग्णालयात कोणी अवाक्षरही काढले नव्हते. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांना कमोडची खुर्ची भाड्याने आणायला धावावे लागले. ती आधीच आणून ठेवावी, आणि अंघोळीसाठी प्लास्टिकची खुर्चीही. पायाला पिशवी बांधून वर रबर लावले, तरी पाणी आत जातेच. मी शेवटी पाय बाथरूमच्या दाराबाहेर काढूनच बसू लागले.

कैरीचे पन्हे
व्यायामात अंगठ्याने हवेत अक्षरे काढायला सांगतात. मी ‘अ’पासून सुरुवात करत असे, परंतु ‘ळ’ला घोटा हमखास कुरकुरत असे.

साखरझोप
माझा ‘क्ष’ अजून बालवाडीतल्यासारखा येतो.

गडवाट
मला वर्षभर संध्याकाळी थोडी सूज येत असे आणि मांडी घालून बसलो की बाहेरचा घोटा दुखे, म्हणून सत्यनारायणालाही खुर्ची घेतली. गाडी सव्वादोन महिन्यांनी चालवली, कारण उजव्या पायाने ब्रेक जोरात दाबता येईपर्यंत डॉक्टरांनी परवानगी दिली नव्हती.

काकूंना तुमचे सगळे प्रतिसाद वाचून दाखवले आणि त्या लगेच कमोडच्या खुर्चीची चौकशी करायला गेल्या. मुलगी माझ्यापेक्षा बरीच बुटकी असल्याने कुबड्या तीन भोके खाली घ्याव्या लागतील. त्यांतला एक स्क्रू गंजला आहे, त्यावर तेल सोडून ठेवले आहे.